मापाची वही

फहाहीलच्या मासळीबाजारामागे माझं दुकान.
दोन मशिनं, एक आरसा,
सत्तावीस वर्षांच्या वह्या.
गिऱ्हाइकाशी अरबी बोलतो,
पण इंच मोजताना जीभ आपसूक दाभोळला जाते,
म्हणून मापं मराठीत.

बू मिशारींचं पान जुनं.
मागल्या निवडणुकीला छाती शेहेचाळीस, गळा साडेसोळा.
या खेपेला रात्री अकरानंतर आले,
शटर स्वतःच अर्धं ओढून.
छाती एकेचाळीस. गळा जेमतेम पंधरा.
टेप दोनदा लावली.
तिसऱ्यांदा लावणं बरं दिसलं नसतं.
म्हणाले, "खांद्यात थोडं भर, उस्ताद.
कॉलर आवळ,
पण आवळलेली दिसू नये."

हमरस्त्यावर त्यांचा फोटो, बारा फूट उंच,
चार वर्षांपूर्वीच्या गालांचा.
त्याच आठवड्यात पेपरात दुसरा आला:
प्रचाराच्या तंबूत चहाचा इस्तिकान उचलताना,
हाताभोवती लाल वर्तुळ.
फक्त हात. माणूस वर्तुळाबाहेर.
खाली एक प्रश्नचिन्ह.
प्रश्नचिन्हाला कोर्टात खेचता येत नाही म्हणे.

मग वाएल आला. पेपरवाला, नाईलकाठच्या मन्सूराचा.
"दिशदाशा शिवायचीय."
जन्मभर पँट घातलेला माणूस; उभं राहण्यावरून कळतं.
मी टेप काढली.
खांदा अठरा.
"बू मिशारी इथेच शिवतात ना?"
बाही चोवीस.
"यंदा माप बदललं का?"
टेप त्याच्या छातीवर होती
आणि खालून काळीज तिला ढकलत होतं.
खोटं बोलायचा सराव नव्हता बिचाऱ्याला.

वीसच्या दोन, दहाची एक
त्यानं वहीशेजारी ठेवल्या.
वही उघडीच होती, तेच पान.
त्याला एक अक्षर लागेना.

"लोकांना कळायला हवं, उस्ताद.
चार वर्षं ज्याच्या हाती सोपवणार,
तो हात कसा आहे ते."
खरं होतं. मी नाही म्हटलं नाही.
विचारलं, "तुला मत आहे इथे?"
"नाही."
"मलाही नाही. गावच्या यादीतूनही नाव उडालं,
तिथे मी मयत आहे."
दोन बिनमताची माणसं,
तिसऱ्याच्या छातीच्या घेरावर अडलेली.

मापात पाप करू नये, बाप सांगायचा.
पण खरं माप चव्हाट्यावर टांगणं
कुठल्या खात्यात धरायचं,
ते सांगायच्या आधीच गेला.

मी म्हणालो, "तुझी कंबर एकोणतीस.
पँट चौतिसाची.
पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलंयस.
हे कुणाला सांगू?"

तो पट्ट्याकडे बघत राहिला.
मग हळूच, "तीन महिने पगार नाही."
नोटा उचलल्या, मोजल्या नाहीत.
दिशदाशा मात्र खरीच टाकली शिवायला,
आगाऊ न देता.

बू मिशारी निवडून आले.
टीव्हीवर खांदे भरदार दिसले.
मी ते ओळखले:
डाव्यात दोन थर, उजव्यात अडीच.
ताटातला बांगडा गार होऊ दिला.
तोंडानं कुणाला काही बोललो नव्हतो.
पण सुईनं? सुईनं तर बोललोच होतो,
हमरस्त्याएवढ्या मोठ्यानं,
आणि ते खरं नव्हतं.

त्यांच्या पानावर पुढची तारीख घालून ठेवलीय.
रकाना रिकामा आहे.

वाएलची दिशदाशा खुंटीला तशीच.
न्यायला आला नाही अजून.
अंगात जरा सैल ठेवलीय,
पगार झाला तर बसेल.